लिबरऑफिस कोरं उघडायचं : सेफ मोड की वेगळी प्रोफाइल?

फोंड्यात माझं डीटीपीचं काम. जत्रांचा हंगाम आला की काल्याची, नाटकांची हँडबिलं एकामागून एक येतात. अशात लिबरऑफिसने, म्हणजे मी मजकूर मांडायला वापरतो त्या फुकट ऑफिस प्रोग्रामने, काही वेडंवाकडं केलं, तर आधी एवढंच ठरवायचं असतं, दोष फाइलचा की आपल्या सेटिंग्जचा? त्यासाठी प्रोग्राम कोरा, म्हणजे आपल्या सेटिंग्जशिवाय, उघडून बघायच्या दोन वाटा मी वापरल्या आहेत. आपली सगळी सेटिंग्ज, म्हणजेच प्रोफाइल, ज्यात असते ते जुनं 'यूजर' फोल्डर पुसायची तिसरी वाट मात्र धरू नका. मी एकदा पुसलं, आणि शब्दसूचीत जमवलेली मडकई, कवळे, बांदोडे ही गावांची सगळी नावं गेली. ती 'वर्डबुक' नावाच्या उपफोल्डरात, तिथेच असतात.

सेफ मोड 5.3 आवृत्तीपासून, म्हणजे 2017 पासून आहे. मदत मेनूतून तो निवडला की तात्पुरती कोरी प्रोफाइल मिळते, जुनीला धक्का लागत नाही. शिवाय एक्स्टेन्शन्स किंवा हार्डवेअर अ‍ॅक्सिलरेशन तेवढं बंद करायची, जुनी बॅकअप परत आणायची सोय त्याच चौकटीत आहे. वर्षातून एकदा अडणाऱ्याला तो पुरेसा असावा.

मला तो पुरला नाही, कारण त्यासाठी लिबरऑफिस बंद करून परत सुरू करावं लागतं. गिऱ्हाईक प्रूफ वाचायला शेजारी बसलेलं, चार फाइली उघड्या, आणि त्या सगळ्या बंद करायच्या. तपासून झालं की पुन्हा बंद करायचं, पुन्हा उघडायचं. मध्ये बदललेली सेटिंग्जही सेफ मोडबरोबर जातात.

म्हणून मी शॉर्टकटची एक प्रत केली आणि तिच्या आज्ञेत 'यूजरइन्स्टॉलेशन' हा पर्याय घालून दुसऱ्या फोल्डरचा पत्ता दिला. आता जुन्या खिडक्या चालू असतानाच कोरं लिबरऑफिस बाजूला उघडतं, आणि त्यात केलेला बदल उद्याही राहतो. गेल्या हंगामात एका हँडबिलाचा मजकूर अचानक दुसऱ्या पानावर उतरला. कोऱ्या खिडकीत तेच पान जागच्या जागी होतं, म्हणजे फाइल निर्दोष. मग एकेक सेटिंग तिकडे लावत गेलो, आणि एका फाँटऐवजी दुसरा वापरायला सांगणाऱ्या, फाँट बदलाच्या तक्त्यात केव्हातरी भरलेली एक ओळ सापडली. सेफ मोडमध्येही ती सापडली असती कदाचित, पण काम थांबवून.

फोल्डरचा पत्ता 'file:///' ने सुरू करून, '/' अशा तिरप्या रेघांनी लिहावा लागतो. पहिल्यांदा तिथे चूक होते. आणि एकच फाइल दोन्हीकडे उघडली तर दुसरीकडे ती कुलूपबंद असल्याची सूचना येते. तेव्हा प्रत उघडा.