डी-७ व्हिसा खरा, भाडेकरार खोटा: पोर्तुगालला जाऊ पाहणाऱ्यांसाठी

पोर्तुगालचा डी-७ व्हिसा ही थाप नाही. पेन्शन, घरभाडं, लाभांश असं घरबसल्या येणारं नियमित उत्पन्न असेल, तर तिथे राहण्याची परवानगी मिळू शकते. २०२५ सालची अट अर्जदारासाठी महिना ८७० युरो, म्हणजे तिथलं किमान वेतन, आणि जोडीदारासाठी त्याच्या निम्मे अशी होती. ह्यांची पेन्शन आणि दोन फ्लॅटचं भाडं धरून आम्ही त्यात आरामात बसत होतो. हे आधीच सांगते, कारण "पात्र नसलेलेच एजंटच्या नादी लागतात" असं मला पुष्कळांनी ऐकवलं आहे. आम्हाला व्हिसाच्या बाबतीत कुणी फसवलं नाही. फसवलं ते जागेच्या कागदात.

अर्जाला तिथल्या राहण्याच्या जागेचा पुरावा जोडावा लागतो, बहुधा वर्षभराचा भाडेकरार. पुण्यात बसून परक्या देशात घर शोधायचं कसं, इथेच सगळे अडतात. आमच्या सल्लागाराने तिथेच हात घातला. बाकीची फाइल त्याने चोख केली होती. पोलिस क्लिअरन्स, अपॉस्टिल (कागद परदेशात ग्राह्य धरला जावा म्हणून लागणारं सरकारी प्रमाणन), बँकेची स्टेटमेंट्स, कशात खोट काढायला जागा नव्हती. त्यामुळे लिस्बनसमोर, नदीपलीकडच्या अल्माडातला फ्लॅट त्याने दाखवला तेव्हा शंका घ्यायला काही कारण नव्हतं. भाडं ९०० युरो. सहा महिन्यांचं आगाऊ, दोन महिन्यांचं डिपॉझिट. "घरमालकाला परदेशी भाडेकरूची खात्री हवी असते," असं म्हणाला.

पैसे मात्र त्याच्या इथल्याच खात्यात भरायचे होते. बँकेतून परदेशी पाठवले तर टीसीएस, म्हणजे पैसे पाठवतानाच बँक घेते तो कर, कापला जाईल, तो वाचवून देतो म्हणाला. हे धादांत खोटं होतं. एप्रिल २०२५ पासून अशा कामासाठी वर्षाला १० लाखांपर्यंत पाठवलेल्या रकमेवर टीसीएस लागत नाही, आणि त्याहून जास्त रकमेवर कापला तरी तो आयकरात वळता करून घेता येतो. आपल्या बँकेतून थेट घरमालकाच्या पोर्तुगालमधल्या खात्यात पैसे गेले, तर ते कुणाला गेले याची नोंद राहते. त्याला ती नोंद नको होती.

करार माझ्या भाचीने पाहिला, ती पोर्तुगालमध्येच, ब्रागाला शिकते. तिने पहिलं पान उघडलं आणि फोन केला. "मावशी, यात 'फ्लॅट नं. ३०४' लिहिलंय. इथे पत्त्यात मजला लिहितात आणि जिन्याच्या डाव्या हाताला की उजव्या, ते लिहितात. आणि पिनकोड बघ, सहा आकडी आहे. इथे आधी चार आकडे, मग रेघ, मग तीन." शिक्का होता, सही होती, घरमालकाचा नऊ आकडी करक्रमांकही होता. पण पत्ता आपल्याकडच्या सोसायटीसारखा. पुढच्या शनिवारी ती लिस्बनला गेली, तेव्हा वाट वाकडी करून त्या इमारतीपाशीही जाऊन आली. तिथे एक कुटुंब कित्येक वर्षं राहतंय. फ्लॅट भाड्याने द्यायचा त्यांच्या मनातही नव्हतं.

तिथे करार झाला की घरमालकाला तो करखात्याकडे नोंदवून मुद्रांक शुल्क भरावं लागतं. त्या नोंदणीची पावती मागा. आगाऊ भाडं दोन महिन्यांपेक्षा जास्त मागायला तिथला कायदाच परवानगी देत नाही, त्यामुळे सहा महिन्यांची मागणी आली की तिथेच थांबा. एजंट "आमचा लिस्बनचा वकील" म्हणाला तर नाव आणि सनद क्रमांक घ्या. तिथल्या वकील संघटनेच्या संकेतस्थळावर कुणालाही तो तपासता येतो. आणि "व्हीएफएसमध्ये आमची ओळख आहे" याला काडीचा अर्थ नाही. ती कंपनी कागद स्वीकारते, निर्णय वकिलातीकडून होतो.

खोटा करार अर्जासोबत गेला असता, तर सही आमची होती आणि जाबही आम्हालाच द्यावा लागला असता. या विचाराने ह्यांना कित्येक रात्री झोप नव्हती. उभं आयुष्य सरळ नोकरी केलेल्या माणसावर ही वेळ आणली, याचा मला पैशांपेक्षा जास्त संताप आहे.

१९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, मग आर्थिक गुन्हे शाखेत गेलो. भारतीय न्याय संहितेच्या ३१८ (४) कलमाखाली फसवणुकीचा गुन्हा दाखल झाला आहे. त्याच्या खात्यात भरलेले पैसे अजून परत आलेले नाहीत. तिथे आम्हाला आणखी एक जोडपं भेटलं. त्यांच्या हातात त्याच फ्लॅटचा करार होता, फक्त भाडेकरूचं नाव वेगळं. तुमच्याकडेही अल्माडातल्या 'फ्लॅट नं. ३०४' चा कागद असेल, तर अर्ज भरू नका. करार आणि पैसे भरल्याचा पुरावा घेऊन पुण्याच्या आर्थिक गुन्हे शाखेत जा.