ई-बाईक चढावर बंद पडते: जुना पॅक दुरुस्त करावा की नवा एलएफपी घ्यावा?

आमच्या घरात एकाच वेळी घेतलेल्या, एकाच बनावटीच्या दोन ई-बाईक आहेत. एक माझी, एक धाकट्या भावाची. दोन्ही ४८ व्होल्टच्या, कमी वेगाच्या, नोंदणी न लागणाऱ्या. दोन्हींत मुळात एनएमसी, म्हणजे निकेल-मँगनीज-कोबाल्टच्या लिथियम सेलचा, बॅटरी पॅक होता. तिसऱ्या उन्हाळ्यात दोन्हींना एकच दुखणं लागलं. डिस्प्लेवर चाळीस टक्के चार्ज दिसायचा आणि शिवाजीनगरच्या उड्डाणपुलावर चढताना गाडी एकदम मरायची. भावाने पॅक उघडून बसलेले, म्हणजे निकामी झालेले, सेल बदलून घेतले. मी नवा एलएफपी, म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेटचा, पॅक टाकला. तेव्हापासून दोन्ही गाड्या जळगावच्याच रस्त्यांवर आणि त्याच उन्हात चालताहेत. माझ्याकडे प्रयोगशाळेतली मोजमापं नाहीत, पण यापेक्षा सरळ तुलना घरबसल्या मिळणं अवघड.

पैसे काढण्याआधी एक खात्री करून घ्या. दोष खरंच बॅटरीचा आहे का? गाडी बंद पडते त्या क्षणी डिस्प्ले काय करतो, ते बघा. डिस्प्ले चालू आहे पण चाक ओढत नाही, तर ब्रेकच्या मुठीतला कटऑफ स्विच, थ्रॉटल (वेग देणारी मूठ) किंवा कंट्रोलर (मोटरला वीज सोडणारी पेटी) तपासा. बॅटरीला हात लावायची गरज नाही. डिस्प्लेच विझला, तर कनेक्टर, एमसीबी (करंट जास्त झाला की पडणारा खटका), चावीचा स्विच आणि बीएमएस (पॅकमधल्या सेलवर लक्ष ठेवणारं सर्किट) हे चार संशयित उरतात. कनेक्टर गाडी चालवून आल्या आल्या हाताने चाचपून बघा. गरम लागला, किंवा त्याचं प्लास्टिक तपकिरी पडलं असेल, तर आधी तो बदला. एमसीबीचा खटका खाली पडलेला दिसतो, त्यामुळे तो लगेच ओळखता येतो. आपल्याकडे एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवावी. साधा एमसीबी आतली पट्टी तापून पडतो, म्हणून मे महिन्यात फूटबोर्डाखालच्या भट्टीत तो लिहिलेल्या अँपिअरच्या अलीकडेच पडू शकतो. भुसावळच्या एका ओळखीच्याची गाडी निव्वळ यामुळे दुपारी बंद पडायची आणि रात्री अगदी ठणठणीत चालायची.

हे सगळं ठीक निघालं आणि गाडी दोन-चार मिनिटं थांबून चावी फिरवली की पुन्हा सुरू होते, तर बीएमएसने लाइन तोडली असं समजा. ४८ व्होल्टच्या एनएमसी पॅकमध्ये सेलचे १३ गट एकामागे एक जोडलेले असतात. डिस्प्ले बघतो तो सगळ्यांचा मिळून व्होल्टेज. बीएमएस मात्र प्रत्येक गट वेगळा बघतो. एक गट म्हातारा झाला की त्याचा आतला रोध वाढतो. चढावर मोटरने जास्त करंट ओढला की तो एकटा गट ठरलेल्या मर्यादेखाली, बहुतेक पॅकमध्ये पावणेतीन-तीन व्होल्टच्या आसपास, जातो आणि बीएमएस अख्खा पॅक बंद करतो. बाकीच्या बारा गटांत चांगला चार्ज असतो, म्हणून डिस्प्लेवर चाळीस टक्के दिसतात. भार गेला की तो गट पुन्हा वर येतो, म्हणून गाडी पुन्हा चालते. त्यामुळे पॅक नुसता टेबलावर ठेवून मोजणाऱ्या कारागिराचा निष्कर्ष अर्धवट असतो. गाडी स्टँडवर लावून चाक हवेत फिरवलं तरी भार येत नाही. पॅकवर खराखुरा भार टाकून तेराही गट मोजायला सांगा. हे काम घरी करू नका. प्रत्येक गटाकडून बीएमएसकडे जाणाऱ्या बॅलन्सच्या तारांवर मल्टिमीटरची सुई घसरली तर ठिणगी उडते. सगळे गट एकसारखे खाली येत असतील, तर पॅकच संपलाय. सगळे चांगले असून लाइन तुटत असेल, तर बीएमएसची करंटची मर्यादा किंवा त्याचा तापमानाचा सेन्सर तपासायला हवा.

आमच्या दोन्ही पॅकमध्ये एक-दोन गटच बसले होते. म्हणजे दुरुस्तीलाही वाव होता आणि नव्यालाही.

दुरुस्तीची बाजू आधी मांडतो, कारण ती लंगडी नाही. नव्या पॅकच्या साधारण चौथ्या हिश्श्यात काम झालं. वजन तेच राहिलं, जागा तीच, चार्जर तोच. निकेलची पट्टी स्पॉट वेल्डिंगने जोडून देणारे हुशार कारागीर आता जळगावात आहेत, धुळ्यातही आहेत. भावाची गाडी पावसाळाभर आणि थंडीत नव्यासारखी पळाली. त्या दिवसांत कोणी मला विचारलं असतं, तर मीही दुरुस्तीच करा म्हणालो असतो.

उन्हाळा लागला आणि दुसरा गट बसला. यात कारागिराचा दोष आहे असं मला वाटत नाही. बदललेले सेल नवे होते, पण बाकीच्या गटांनी तेच तीन उन्हाळे सोसले होते. ताज्या दमाचा गोऱ्हा थकल्या बैलाबरोबर जुंपला तर गाडी थकल्या बैलाच्याच चालीने चालते, तसं झालं. बीएमएसमध्ये गट समान करायची सोय असते खरी, पण साध्या बीएमएसचा बॅलन्सचा करंट अगदीच थोडा, मिलिअँपिअरमध्ये मोजण्याएवढा असतो. गटागटांत रोज पडणारी एवढी तफावत तो भरून काढू शकत नाही. सेलचा दर्जाही कळत नाही. जुन्या लॅपटॉपच्या पॅकमधून काढलेले सेल नवं वेष्टन घालून विकले जातात, हे या धंद्यातल्या सगळ्यांना माहीत आहे. दुरुस्तीच करायची असेल, तर सगळे सेल एकाच लॉटचे घ्या आणि त्यांची क्षमता व आतला रोध तुमच्यासमोर मोजून घ्या. असं मोजून देणारा कारागीर भेटला, तर त्याला दोन पैसे जास्त द्यायला हरकत नाही.

आता एलएफपी. हे रसायन नवखं नाही. १९९७ मध्ये टेक्सास विद्यापीठात शास्त्रज्ञ जॉन गुडइनफ यांच्या गटाने ते पुढे आणलं. त्यातला ऑक्सिजन फॉस्फेटमध्ये घट्ट बांधलेला असतो, त्यामुळे सेल फार तापला तरी तो सहज सुटत नाही आणि आग भडकायचा धोका एनएमसीपेक्षा कमी राहतो. कमी म्हणतोय, नाही म्हणत नाही. दुसरी जमेची बाजू आयुष्याची. एनएमसीचे सेल साधारण ५०० ते १००० चार्जमध्ये थकतात, चांगले एलएफपी २००० च्या पुढे जातात. पॅक पूर्ण भरलेला आणि वर कडक ऊन, ही जोडी एनएमसीला सगळ्यात जास्त मारते. जळगाव-भुसावळच्या मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो आणि आपण सकाळी फुल चार्ज करून गाडी दिवसभर पत्र्याच्या शेडखाली उभी करतो. एलएफपीही उन्हात झिजतो, पण हा छळ तो अधिक शांतपणे सोसतो, असा माझा अनुभव आहे.

त्रासही सांगायला हवेत. एवढीच वीज साठवायला पॅक दीडपट जड झाला. आम्ही दुसऱ्या मजल्यावर राहतो आणि पॅक वर नेऊन चार्ज करावा लागतो, त्यामुळे हा फरक रोज खांद्याला कळतो. तो जुन्या खोक्यात मावला नाही. सीटखालची पट्टी कापून घ्यावी लागली. वयस्कर माणूस असेल किंवा जिना अरुंद असेल, तर एवढ्या एका गोष्टीवरून एलएफपी नाकारणं मला समजू शकतं.

चार्जरबद्दल मात्र जरा थांबून वाचा. १३ गटांच्या एनएमसीचा चार्जर ५४.६ व्होल्टला थांबतो. एलएफपी पॅक ४८ व्होल्टच्या गाडीसाठी १५ किंवा १६ गटांचा मिळतो. १५ गटांचा पॅक ५४.७५ व्होल्टला भरतो, १६ गटांचा ५८.४ ला. माझा १६ चा आहे. दुकानदार म्हणाला, जुना चार्जर चालेल. चालतो, पण त्यावर १६ गटांचा पॅक काठोकाठ भरत नाही आणि गट समान करायचं काम नीट सुरूच होत नाही. उलटा प्रकार जास्त धोक्याचा आहे. माझा ५८.४ चा चार्जर भावाच्या पॅकला लागला तर प्रत्येक गटावर ४.२ ऐवजी जवळजवळ ४.५ व्होल्ट येतील. मग त्या पॅकमध्ये आणि आगीमध्ये फक्त बीएमएस उभा असेल. म्हणून माझ्या पॅकचा चार्जिंग सॉकेटच वेगळा बसवून घेतला, म्हणजे चुकूनही एकाचा चार्जर दुसऱ्याच्या पॅकला लागणार नाही. घरात दोन प्रकारचे पॅक असतील, तर हा खर्च टाळू नका. कंट्रोलरही बघून घ्या. त्यातले कपॅसिटर बहुधा ६३ व्होल्टचे असतात. ५८.४ त्यात बसतं, पण फार मोकळीक राहत नाही.

इथपर्यंत पारडी बऱ्यापैकी सारखी आहेत. मला एका बाजूला ढकललं ते वेगळ्याच गोष्टीने.

बीएमएस लाइन तोडतो तेव्हा फक्त मोटर थांबत नाही. हेडलाइट, मागचा लाल दिवा, इंडिकेटर, हॉर्न, सगळं एकदम जातं, कारण त्यांना लागणारे १२ व्होल्टही कन्व्हर्टरमार्फत त्याच पॅकमधून येतात. पेट्रोलची गाडी बंद पडली तरी तिच्या वेगळ्या बॅटरीवर हॉर्न आणि इंडिकेटर चालतात. आपली नाही चालत. मी कामावरून बांभोरीकडून जळगावला येतो. दिवेलागणीची वेळ, गिरणेचा पूल, मागे धुळ्याकडून येणारे ट्रक. अशा ठिकाणी गाडी बंद पडली तर ढकलत नेता येते, त्याचं दुःख नाही. पण अंधारात आपण आहोत हेच मागच्याला दिसत नाही. वळायचं तर इंडिकेटर नाही, इशारा द्यायचा तर हॉर्न नाही, आणि डिस्प्ले तर आत्ता चाळीस टक्के सांगत होता. हे एकदा झालं की पुढे प्रत्येक चढावर मन डिस्प्लेवर राहतं, रस्त्यावर राहत नाही. गाडी किती किलोमीटर देते याला मग माझ्यापुरता अर्थ उरत नाही. ती सांगून बंद पडते की न सांगता, एवढंच मी बघतो.

दुरुस्त पॅकने हा प्रश्न काही महिने पुढे ढकलला. नव्या एलएफपीने तो माझ्यापुरता सुटलाय, निदान आजपर्यंत तरी. अर्ध्या चार्जवर चढताना तो कधी बंद पडलेला नाही. पण याचं सगळं श्रेय रसायनाला देणं बरोबर होणार नाही. पॅक नवा आहे, त्याचे सगळे गट एका वयाचे आहेत, हा मोठा भाग झाला. नवा एनएमसी पॅकही पहिली दोन-तीन वर्षं असाच वागला असता. शिवाय एलएफपीची स्वतःची एक खोड आहे. मधल्या पट्ट्यात त्याचा व्होल्टेज जवळजवळ हलतच नाही आणि शेवटी मात्र झपाट्याने कोसळतो. व्होल्टेजवर चालणारा जुना डिस्प्ले त्यामुळे बराच वेळ एकच आकडा दाखवत बसतो. मी ट्रिप मीटर बघून चार्ज करतो. ब्लूटूथचा बीएमएस घेतला, तर मोबाइलवर प्रत्येक गटाचा व्होल्टेज दिसतो. चढावर सगळ्यात वरच्या आणि सगळ्यात खालच्या गटातलं अंतर वाढायला लागलं, की गाडी बंद पडायच्या किती तरी आधी इशारा मिळतो. असा बीएमएस दुरुस्त एनएमसीतही बसतो. भावाला मी तोच बसवायला लावला. शिवाय त्याने मागे स्वतंत्र सेलवर चालणारा लाल दिवा लावलाय, आणि तो दिवा पॅक कुठलाही असला तरी प्रत्येकाने लावावा.

पॅक दोन वर्षांच्या आतला असेल, भाराखाली एकच गट खचत असेल आणि गाडी गावातल्या गावात दिवसाउजेडी फिरत असेल, तर दुरुस्ती करा, वाईट वाटून घेऊ नका. चाळीसगावहून कन्नडच्या घाटात किंवा धुळ्याहून लळिंगच्या चढावर जाणं असेल, रात्रीचा हायवे असेल, किंवा पॅकने तीन उन्हाळे काढले असतील, तर मी नव्याकडे झुकेन, आणि वजन झेपत असेल तर एलएफपीकडे. नोंदणी झालेल्या गाडीला हे लागू नाही. तिथे पॅक एआयएस-१५६ या बॅटरी सुरक्षेच्या सरकारी मानकाप्रमाणे मंजूर झालेला असतो. त्या नियमातल्या वाढीव सुरक्षा चाचण्या डिसेंबर २०२२ पासून दोन टप्प्यांत लागू झाल्या. अशा गाडीत बाहेरचा पॅक टाकला तर वॉरंटी आणि विमा दोन्ही अडचणीत येऊ शकतात. तिथे कंपनीचाच पॅक घ्या.

नवा घेताना वॉरंटी किती वर्षांची हे सगळेच विचारतात. क्षमता किती घटली की पॅक बदलून मिळेल, ते बिलावर लिहून घ्या. आणि जुना पॅक भंगारवाल्याच्या गाडीवर देऊ नका. चिरडला गेला तर तो पेटतो. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार जुनी बॅटरी परत गोळा करायची जबाबदारी उत्पादकावर आहे. माझा जुना पॅक दुकानदाराने ठेवून घेतला आणि बिलातून थोडी रक्कम कमी केली. तुम्हीही भाव ठरवतानाच तेवढं बोलून घ्या.