जुनी ट्रम्प कार्डं आणि पोकेमॉन: अल्बम की डबा?

माळ्यावर सापडलेली कार्डं नीट ठेवायची, पण कशात, हा प्रश्न हमखास पडतो. काहीही निवडा, आधी रबरबँड काढा. तो कडा दाबतो आणि जुना झाला की वितळून चिकटतो.

खर्च: अल्बमच्या नऊ कप्प्यांच्या प्लास्टिक पानात दोन्ही बाजूंनी १८ कार्डं बसतात, म्हणजे २० पानांत ३६०. तेवढ्याच कार्डांना पातळ स्लीव्ह (एकेका कार्डाची पारदर्शक पिशवी) आणि पुठ्ठ्याचा डबा सहसा स्वस्त पडतो.

टिकाऊपणा: खरा फरक इथे आहे. पीव्हीसीची पानं (उग्र वासावरून ओळखू येतात) कालांतराने चिकट होतात आणि छपाई ओढून घेतात. पॉलिप्रॉपिलीनचीच घ्या, वेष्टनावरचं ‘प्रीमियम’ सोडून द्या. गोल कड्यांच्या फाइलमध्ये कड्यालगतची कार्डं दबून त्यांवर वळ उठतो. डी आकाराची कडी बरी. डब्यात हा त्रास नाही, मात्र अर्धा रिकामा डबा असेल तर कार्डं कलंडून वाकतात. उरलेल्या जागेत फोम भरा. मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात पुठ्ठा दमट होतो आणि कसर लागते. तिथे घट्ट झाकणाचा प्लास्टिक डबा आणि सिलिका जेलच्या पुड्या हव्यातच.

माप: पोकेमॉनचं कार्ड ६३ × ८८ मिमी. देशी ट्रम्प कार्डांचं माप ठरलेलं नसतं, म्हणून पानं घेण्याआधी मोजा. डब्याला फरक पडत नाही.

संच पूर्ण करायचा, मुलांना दाखवायचा असेल तर अल्बम. दुबार कार्डांचा ढीग असेल किंवा विकायचा विचार असेल तर डबा; त्यातली मोजकी महागडी कार्डं स्लीव्हसकट टॉपलोडरमध्ये (एका कार्डाचं कडक प्लास्टिकचं पाकीट).