रांजण भरणाऱ्यांच्या बाजूने: चमत्कारांवरील एका अभ्यासक्रमाचे परीक्षण

शुभवर्तमानांतील, म्हणजे मत्तय, मार्क, लूक आणि योहान यांच्या नावांच्या येशूच्या चार चरित्रांतील, चमत्कारांची रोजच्या ख्रिस्ती जीवनाशी सांगड घालणारा बारा आठवड्यांचा एक अभ्यासक्रम आमच्या मंडळीतील सात जणांनी नुकताच पूर्ण केला. आठवड्याला एक चमत्कार, पाच दिवस वाचन आणि मनन, सहाव्या दिवशी नेमून दिलेली एक कृती आणि सातव्या दिवशी गटाची बैठक, असा त्याचा आराखडा आहे. सोबत एक कार्यपुस्तिका आणि ध्वनिमुद्रित प्रवचने मिळतात. तयार करणाऱ्यांचे नाव मी मुद्दाम देत नाही, कारण पुढे मांडलेल्या तक्रारी या जातीच्या बऱ्याचशा साहित्याला लागू पडतील असे मला वाटते.

पहिले तीन आठवडे वाचून अभ्यासक्रम बाजूला ठेवावा असे मनात आले होते. सुरुवात वादळ शांत करण्याच्या प्रसंगाने होते आणि दुसऱ्याच पानावर अपेक्षित प्रश्न येतो: तुमच्या जीवनातील वादळे कोणती? आमच्यापैकी चौघांनी जवळजवळ एकच उत्तर लिहिले, कारण असा प्रश्न विचारल्यावर माणूस दुसरे काय लिहिणार? मार्काने मात्र या प्रसंगात एक बोचरा तपशील नोंदवला आहे. येशू तारवाच्या मागच्या भागात उशीवर डोके ठेवून झोपला आहे आणि घाबरलेले शिष्य त्याला उठवताना त्याच्या सामर्थ्याविषयी काहीच विचारत नाहीत. आम्ही बुडत आहोत याची तुला काळजी नाही का, असे विचारतात. आजाऱ्याच्या उशाशी रात्र काढलेल्या कोणालाही हा प्रश्न ओळखीचा वाटेल. कार्यपुस्तिकेत त्याविषयी एक ओळही नाही. वादळ म्हणजे संकट, तारू म्हणजे जीवन, असे समीकरण मांडून ती पुढच्या पानावर जाते.

चौथ्या आठवड्यात काना येथील लग्न येते, जेथे येशू पाण्याचा द्राक्षारस करतो, आणि तेथे या अभ्यासक्रमाला खरा सूर सापडतो. द्राक्षारसापेक्षा पाणी भरणाऱ्या चाकरांकडे पाहायला तो शिकवतो. योहानाच्या मजकुरात दगडाचे सहा रांजण आहेत आणि त्यांत मावणारे पाणी आजच्या मापाने अंदाजे ५०० ते ७०० लिटर भरते. ते कोणीतरी खेपा घालून आणले असणार. मेजवानीच्या कारभाऱ्याला द्राक्षारस कोठून आला हे कळले नाही, वराला तर फुकटचे श्रेय मिळाले, पण पाणी काढणाऱ्या चाकरांना ते ठाऊक होते, असे योहान आवर्जून सांगतो. ज्या कामाचा हेतू समजलेला नाही ते काम काठोकाठ करणे, एवढाच या आठवड्याचा धडा आणि तीच कृती. माझ्यापुरते ते काम म्हणजे आईच्या गोळ्यांची सात कप्प्यांची डबी भरणे. दर शनिवारी मी ती घाईघाईने भरत असे. एक गोळी ब्लेडने अर्धी करावी लागते आणि तिचा चुरा झाला की चिडचिड होते. त्या शनिवारी मी डबी आधी धुऊन पुसून कोरडी केली, मग सावकाश भरली. चमत्कार वगैरे काही झाला नाही. पण शनिवारचे ते काम त्यानंतर मला वेगळ्या नावाने आठवते, आणि ही किमया साधणारे साहित्य मी तरी फार पाहिलेले नाही.

पाचव्या आठवड्यातील पाच हजारांचे भोजन, म्हणजे पाच भाकरी व दोन मासळ्यांत येशूने जमावाला जेवू घालणे, हा पुनरुत्थान सोडल्यास चारही शुभवर्तमानांत आलेला एकमेव चमत्कार आहे, त्यामुळे त्यावर दोन आठवडे दिले असते तरी चालले असते. येथे शिष्य फिलिप्प याचा हिशेब फार चांगला उलगडला आहे. दोनशे दीनार म्हणजे मजुराची दोनशे दिवसांची कमाई. तेवढ्या पैशांच्या भाकरीही प्रत्येकाला थोडे थोडे देण्यास पुरणार नाहीत, हे त्याने अचूक सांगितले. त्याचा आकडा चुकलेला नव्हता, हे अभ्यासक्रम मान्य करतो आणि अर्थसंकल्प मांडणाऱ्या विश्वासणाऱ्याला अल्पविश्वासी म्हणून झिडकारत नाही, याबद्दल मी लेखकांची आभारी आहे. पण पुढे 'मुलाने आपले सर्वस्व अर्पण केले' असे वाक्य येते. येथे एक मुलगा आहे, त्याच्याजवळ जवाच्या पाच भाकरी व दोन मासळ्या आहेत, एवढेच दुसरा शिष्य आंद्रिया म्हणतो. मुलाने त्या आपणहून पुढे केल्या की कोणी मागून घेतल्या, हे योहान सांगत नाही आणि उरलेल्या तिघांनी तर मुलाचा उल्लेखच केलेला नाही. मुलांच्या वर्गात ही भर खपून जाते, प्रौढांच्या अभ्यासात ती खटकते.

छत उकलून पक्षाघाती माणसाला खाली सोडणारे चौघे, बेथेस्दा येथे ३८ वर्षे आजारी असलेला माणूस आणि दहा कुष्ठरोग्यांपैकी परत आलेला एकटा शोमरोनी, हे आठवडे नीटस आहेत. त्यांविषयी अधिक सांगण्यासारखे नाही.

नवव्या आठवड्याविषयी मात्र सांगायलाच हवे. येशूने मरणातून उठवलेली याईराची बारा वर्षांची मुलगी आणि बारा वर्षे रक्तस्राव सोसलेली स्त्री हे दोन्ही प्रसंग तेथे एकत्र घेतले आहेत. ध्वनिमुद्रित प्रवचनात वक्ते ठामपणे सांगतात की विश्वास पुरेसा असला की उत्तर मिळतेच आणि उत्तर मिळाले नसेल तर आपला विश्वास तपासावा. आईचे दुखणे बरे होणारे नाही हे डॉक्टरांनी आम्हाला त्याच महिन्यात सांगितले होते. प्रवचन संपल्यावर गटात कोणीच माझ्याकडे पाहिले नाही, आणि ते न पाहणे मला प्रवचनापेक्षा अधिक लागले.

रागाचा भर ओसरल्यावर मी चारही शुभवर्तमाने या एकाच प्रश्नासाठी पुन्हा वाचली. त्या स्त्रीच्या विश्वासाची येशूने प्रशंसा केली हे खरेच आहे. पण बेथेस्दाच्या माणसाला आपल्याला बरे करणारा कोण हेही माहीत नव्हते. नाईन गावच्या विधवेचा मेलेला मुलगा येशूने उठवला, तिने तर काही मागितलेच नव्हते. महायाजकाचा दास मल्ख याचा तुटलेला कान बरा झाला तेव्हा तो येशूला धरायला आलेल्यांच्या बाजूने उभा होता, आणि लाजाराच्या विश्वासाची तर गोष्टच सोडा, येशूने उठवले तेव्हा तो चार दिवस कबरेत होता. उलट धरला जाण्याच्या रात्री गेथशेमाने बागेत येशूने स्वतः मागितले आणि मरणाचा प्याला टळला नाही. प्रेषित पौलाने शरीरातील काट्यासाठी, म्हणजे आपल्याला छळणाऱ्या एका व्यथेसाठी, तीनदा विनंती केली आणि काटा राहिला. आपला सोबती त्रफिम याला त्याने मिलेत नगरात आजारी सोडले असे तोच पत्रात लिहितो. येशूच्या स्वतःच्या गावी, नासरेथात, अविश्वासामुळे फार महत्कृत्ये घडली नाहीत, हेही मार्कात आहे आणि ते लपवण्याचे कारण नाही. परंतु एवढ्या सगळ्या साक्षी समोर असताना विश्वासाला मोजमापाचे भांडे बनवणे ही वाचनातली चूक आहे. 'माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाका' असे ओरडणारा बाप मार्काच्या नवव्या अध्यायात भेटतो आणि त्याचा मुलगा बरा होतो. बारा आठवड्यांत या बापाला जागा मिळालेली नाही.

याच आठवड्यात एक ओळ अशी आहे की तिच्यासाठी मी पुष्कळ माफ करीन. मुलगी उठल्यावर घरातले थक्क होऊन उभे असताना येशू तिला खायला द्या असे सांगतो, आणि कार्यपुस्तिका विचारते: तुमच्या घरात सध्या कोणाला खायला द्यायचे आहे? आमची अख्खी बैठक त्या प्रश्नावर गेली. एका गृहस्थांनी सांगितले की वडिलांना चमच्याने भरवताना आपण मोबाईल पाहत असतो. वडिलांच्या नजरेकडे आपण कित्येक दिवसांत पाहिलेले नाही, हे बोलता बोलता त्यांच्या लक्षात आले.

भाषेबद्दलही लिहिले पाहिजे. पुस्तिका भाषांतरित आहे आणि ते पानोपानी जाणवते. मराठी पवित्र शास्त्रात योहान 'चिन्हे' म्हणतो, मत्तयात 'महत्कृत्ये' येतात. पुस्तिकेने सरसकट 'चमत्कार' हा एकच शब्द वापरला आहे. चिन्ह हे कशाकडे तरी बोट दाखवते, आणि ते बोट कोठे वळले आहे हा योहानाचा सगळा रोख या सरसकटपणात हरवतो. उत्तरांसाठी सोडलेल्या ओळी तीन आहेत, ज्यांत कोणत्याही प्रामाणिक माणसाचे उत्तर मावणार नाही. स्वतंत्र वही ठेवावी. प्रवचने चाळीस मिनिटांपुढे जातात आणि त्यांतली निम्मी तरी मजकुराबाहेरच्या दृष्टांतांवर खर्च होतात.

एकट्याने करण्यासाठी मी हा अभ्यासक्रम सुचवणार नाही; एकट्या वाचकाला नववा आठवडा जड जाईल. पाच ते आठ जणांचा गट, प्रश्न अडवण्याची धमक असलेला एखादा जुना वाचक आणि उघडे शुभवर्तमान एवढे असेल तर तो जरूर घ्यावा आणि सुरुवात चौथ्या आठवड्यापासून करावी. आमचा दुसरा गट पुढच्या महिन्यात बसतो आहे. नवव्या आठवड्याचे प्रवचन आम्ही ऐकवणार नाही; त्या दिवशी मार्काचा आठवा अध्याय वाचायचा ठरले आहे, जेथे बेथसैदाच्या आंधळ्याला पहिल्या स्पर्शानंतर माणसे चालणाऱ्या झाडांसारखी दिसतात आणि येशू त्याच्या डोळ्यांवर पुन्हा एकदा हात ठेवतो.