व्हिएन्नात दीड वर्ष, एक स्टीलची बाटली आणि नळाच्या पाण्याचे १ युरो २० सेंट

परवा आम्ही चौघीजणी बाहेर जेवायला गेलो होतो, जागेचं नाव घेत नाही, शहराच्या मधोमध आहे एवढंच सांगते. बिल आलं तर खाली "लाइटुंग्सवासर १.२०" असं चार वेळा. लाइटुंग्सवासर म्हणजे नळाचं पाणी. युरोला नव्वद धरले तरी एका ग्लासाचे १०८ रुपये. वेटरला विचारलं तर त्याने मेन्यूच्या शेवटच्या पानावर तळाशी बोट ठेवलं, तिथे मुंगीएवढ्या अक्षरात लिहिलेलं होतं. मी म्हटलं, अहो आम्ही जेवलोय तुमच्याकडे, नुसतं पाणी पिऊन नाही चाललो. तर म्हणे ग्लास धुवावे लागतात. त्यानंतर मी जे काही बोलले ते सगळं जर्मनमध्ये बोलले, परीक्षेच्या तोंडीला सुद्धा इतकं सरळ कधी आलं नव्हतं. पैसे द्यावे लागलेच. मैत्रीण म्हणाली सोड गं, चार युरो ऐंशी सेंट तर आहेत.

सोड कसं, मी लातूरची आहे. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून आमच्याकडे रेल्वेने पाणी आलं होतं, आठवत असेल, पहिल्या खेपेला पाच लाख लिटर, सगळ्या चॅनेलवर तीच गाडी. मी तेव्हा दहावीची परीक्षा देऊन घरी बसले होते आणि त्या सुट्टीत माझं काम एकच, टँकरचा हॉर्न ऐकू आला की घागरी घेऊन पळायचं. त्यामुळे पाण्याचे पैसे लावले की माझं डोकं फिरतं, आणि "इथे फिरायला काय काय आहे" हे बऱ्याच जणांनी विचारलंय ते आता त्याच फिरलेल्या डोक्याने लिहितेय.

सप्टेंबर २०२३ ला आले, मास्टर्स. शोनब्रुनचा महाल, रिंग रस्ता, राणी सिसी, झाखरटोर्टं केक हे सगळं तुम्ही रील्समध्ये बघितलंय, मी सांगत बसत नाही. (शोनब्रुनची बाग फुकट आहे, महालाचं तिकीट सोडा, बागेतून वर टेकडीवरच्या ग्लोरिएट कमानीपर्यंत चढा, झालं काम.) माझा हिशोब साधा, सेमिस्टर तिकीट मला ७५ युरोला पडलं, पाच महिने ट्राम, बस, मेट्रो सगळं त्यात, त्यामुळे जाण्या-येण्याचा खर्च शून्य धरायचा. मग जागा चांगली कशावरून ठरवायची? तिथे फुकट बसता येतं का आणि बाटली भरता येते का, बस.

पहिला नंबर श्वार्त्सेनबर्गप्लात्सच्या मोठ्या कारंज्याला. लोक डी ट्राममधून बघतात आणि पुढे जातात. हे कारंजं १८७३ मध्ये सुरू झालं ते शोभेसाठी नव्हे, तर आल्प्सच्या पायथ्याचं झऱ्याचं पाणी शहरात पोचलं हे लोकांना दाखवायला. त्याआधी इथे लोक विहिरीचं, नदीचं घाण पाणी पीत होते, कॉलरा, टायफॉइड सगळं होतं. ज्या माणसाने ही योजना लावून धरली तो एडुआर्ड झ्यूस भूगर्भशास्त्राचा प्राध्यापक होता, आणि भूगोलात आपण ते गोंडवनालँड शिकतो ना, त्या जुन्या खंडाला ते नाव देणारा पण हाच. आपल्या गोंडवनावरून. हे वाचलं त्या दिवशी मी त्या कारंज्यासमोर एक वडापाव, म्हणजे ब्रेडमध्ये कालची बटाट्याची भाजी, खात अर्धा तास बसले होते. पहिली पाइपलाइन साधारण दीडशे किलोमीटर, दुसरी १९१० ची, ती १८० किलोमीटर, आणि पाणी नुसतं उतारावरून येतं, पंप नाही. उलट वाटेत त्या पाण्यावर वीज काढतात. आमच्याकडे सोसायटीची मोटर जळाली की चार दिवस बोंब असते, त्यामुळे मला याचं किती कौतुक वाटलं असेल ते समजून घ्या.

शहरभर हजाराच्या वर पिण्याच्या पाण्याची कारंजी आहेत, बागेत, चौकात, ट्रामच्या स्टॉपजवळ. ऑगस्टमध्ये सुद्धा पाणी माठातल्यासारखं गार. फक्त जिथे "काइन ट्रिंकवासर" अशी पाटी असेल तिथे पिऊ नका, ते पिण्याचं नसतं.

आता तक्रार. आणि ही तक्रार मी दीड वर्ष करतेय आणि कुणीही गांभीर्याने घेत नाही. बटण दाबलं की या कारंज्यातून पाणी वर उडून खाली पडतं, तोंड लावून प्यायला छान, पण माझी लातूरहून आणलेली एक लिटरची स्टीलची बाटली त्या धारेखाली उभी राहतच नाही! तिरकी धरावी लागते, आणि तिरकी धरली की पाऊण भरते, मग उरलेली भरायच्या नादात बाही ओली. काही ठिकाणी बाटलीसाठी वेगळा नळ आहे, पण माझ्या घराजवळच्या बागेत नेमका नाही. एवढं दीडशे किलोमीटरवरून पाणी आणलंत, शेवटच्या दहा सेंटिमीटरचा विचार कुणी करायचा.

आणि नोव्हेंबरात तर कहर, बटण दाबलं, काहीच नाही. परत दाबलं. मला वाटलं पाणी गेलं, सवयीने घरी पळत जाऊन दोन पातेली भरून ठेवली. घरमालकीणबाईंनी पातेली बघून विचारलं हे काय, सांगितल्यावर आधी खूप हसल्या आणि मग म्हणाल्या, अगं थंडीत बंदच ठेवतात, नाहीतर पाइप फुटतील. वसंतात चालू होतात परत. म्हणजे पाच-सहा महिने कारंजी बंद. तेव्हा मी चिडून घरच्या ग्रुपवर "व्हिएन्ना ओव्हररेटेड" असं टाकलं होतं. ते मी मागे घेते, कारण कुठल्याही लायब्ररीच्या, कॉलेजच्या बाथरूमच्या नळाला सुद्धा तेच डोंगराचं पाणी येतं हे मला जानेवारीत कळलं. नळाखाली बाटली उभी राहते पण.

थंडीसाठी माझी जागा म्हणजे बुर्गगासे स्टेशनवरची हाउप्टब्युखराय, शहराची मुख्य लायब्ररी. आत बसायला कुणी कार्ड मागत नाही, हीटर आहे, खालून यू-सिक्स मेट्रो जाते त्याची बारीक थरथर टेबलाला येते. बाहेर छतापर्यंत चढत जाणाऱ्या रुंद पायऱ्या आहेत, उन्हाळ्यात संध्याकाळी तिथे सगळी पोरं बियर घेऊन बसलेली असतात, मी बाटली घेऊन. रविवारी बंद. इथे रविवारी सगळंच बंद असतं, दूध संपलं तर प्राटरश्टेर्न स्टेशनातल्या सुपरमार्केटला जा, तिथली गर्दी बघून दादरची आठवण येईल.

आता ऑपेरा. मला गाण्यातलं काही कळत नाही, मैत्रिणीने ओढत नेलं. श्टाट्सओपर म्हणजे इथलं सरकारी ऑपेरा हाउस, तिथे उभं राहायची तिकिटं मिळतात, दहा-पंधरा युरोच्या घरात, आणि खाली जी मंडळी शे-दोनशे युरो देऊन बसलेली असतात त्यांच्या मागेच तुम्ही उभे. आत गेल्यावर आपल्या जागेच्या दांडीला स्कार्फ बांधायचा की जागा तुमची. मी ओढणी बांधली आणि हसायलाच लागले, कारण हे तर एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकणं झालं! फरक एवढाच की लातूर-पुणे गाडीत त्या रुमालावरून दोन घराणी भांडतात, इथे मध्यंतरात पाऊण तास भटकून आले तरी ओढणी तशीच. (पाऊण तास नसेल, पण मी बाथरूमच्या रांगेत होते, तेवढं वाटलं. बाटली पण भरून घेतली, ऑपेराचा नळ उत्तम आहे, उंच आहे.) समोर छोट्या स्क्रीनवर शब्द येतात त्यामुळे गोष्ट कळते. तीन तासांनी पायाचे तुकडे पडतात. तरी पाच वेळा गेले.

मध्यवर्ती स्मशानभूमीचं नाव काढलं की आई फोन ठेवते. पण त्सेंट्रालफ्रीडहोफ ही खरंच फिरायची जागा आहे, १८७४ पासूनची, अडीच चौरस किलोमीटर, आतमध्ये बस फिरते. ७१ नंबरची ट्राम तिथे जाते, आणि इथले म्हातारे कुणी गेलं की "त्याने ७१ पकडली" असं म्हणतात. बेटोफन, शुबर्ट, ब्राम्स एकाच कोपऱ्यात. मोझार्टचं फक्त स्मारक आहे, पुरला दुसरीकडे, झांक्ट मार्क्सच्या स्मशानात. मला त्यापेक्षा तिथले हॅमस्टर आवडतात, थडग्यांवरच्या मेणबत्त्यांचं मेण खायला येतात गालफुगे. हरणं पण दिसली एकदा, सकाळी लवकर. मेट्रोपासून लांब आहे, शांत आहे, परीक्षेआधी मी तिथे बाकावर बसून पाठ करते. आईला लायब्ररी सांगते.

ब्रुनेनमार्क्टबद्दल दोनच ओळी: ओटाक्रिंग भागातला रस्त्यावरचा बाजार, कोथिंबीर आणि तिखट मिरची मिळते, आणि शनिवारी बाजार उठायच्या वेळी जा, टोपल्याच्या टोपल्या एक युरोला ओरडून देतात. तुर्की काका आता मला जुडी हातात देताना भाव सांगत नाहीत.

वीन नदीबद्दल मात्र मला माझं मत बदलावं लागलं. शहराला जिचं नाव आहे ती नदी म्हणजे काँक्रीटच्या खोल खड्ड्यात घोट्याएवढी धार, बाजूने यू-फोर धावते, आणि नाशमार्क्ट बाजार तर चक्क तिच्यावर झाकण घालून वसवलाय. श्टाटपार्कात पुलावर उभं राहून मी दादाला व्हिडिओ कॉलवर दाखवलं होतं, बघ, आपली मांजरा नदी बरी यापेक्षा, एवढा मोठा खड्डा कशाला खणलाय देव जाणे. सप्टेंबर २०२४ मध्ये तीन-चार दिवस पाऊस कोसळला आणि त्याच पुलाखालून चहाच्या रंगाचं पाणी दोन्ही भिंतींना घासत चाललं होतं, आवाजाने बोलता येत नव्हतं, यू-फोर कितीतरी स्टेशनांमध्ये बंद. खड्डा कशाला ते कळलं. दादाला परत फोन लावला, तो म्हणाला, आता बोल.

त्याच पुरामुळे डोनाउइन्सेल पण नव्या नजरेने बघायला लागले. डॅन्यूब नदीतलं २१ किलोमीटर लांब बेट, उन्हाळ्यात सगळं शहर तिथे अंग शेकत पडलेलं असतं, मला वाटायचं पिकनिकसाठी केलंय. तर ते पूर सोडायला नदीला दुसरं पात्र खणलं, १९७२ ते १९८८, त्यातून निघालेल्या मातीचं बेट आहे. मला पोहता येत नाही, मी पाय सोडून बसते. फुकट. बेटावर कारंजी आहेत, बाटली बसत नाही.

आणि सगळ्यात आवडती जागा शहरात नाहीच, काइझरब्रुन. गेल्या जूनमध्ये गेलो, रेल्वेने पायरबाखला उतरून पुढे बस. (सेमिस्टर तिकीट शहराच्या हद्दीपुरतंच, इथे पैसे मोजले, पण हे मोजले.) पहिल्या पाइपलाइनचा झरा इथला. असं सांगतात की बादशहा सहावा कार्ल शिकारीला आला असताना त्याला हे पाणी आवडलं आणि मग राजवाड्यासाठी घोडेस्वार इथून पाणी नेऊ लागले. म्हणजे यांचा पण टँकर होता, फक्त राजाचा. तिथे पाणीपुरवठ्याचं लहानसं म्युझियम आहे, जुने व्हॉल्व्ह, दगडी नाल्याचे तुकडे. तिथून श्वार्त्सा नदीच्या कडेने दरीत पायवाट जाते, लाकडी पूल, लोखंडी जिने, आणि मधेमधे पायाखालून जमिनीतून आवाज येतो. आधी कळेना, मग लक्षात आलं, पाइपलाइन आपल्याबरोबर चाललीय. मी एका ठिकाणी गुडघ्यावर बसून झाकणाला कान लावला. खाली नुसतं खळखळ, सतत, कुणी न थांबवलेलं. मैत्रिणी पुढे निघून गेल्या, मी बराच वेळ तिथेच. हे पाणी उद्यापर्यंत माझ्या बेसिनच्या नळाला पोचणार होतं, आणि आमच्याकडे तेव्हा आठवडाभर नळ आला नव्हता. आईला रेकॉर्डिंग पाठवलं तर तिचा मेसेज, "नळ चालू राहिलाय का गं, बंद कर आधी."

कॅफेबद्दल लिहायचं राहिलं. पाच युरोची मेलांज, म्हणजे दुधाची कॉफी, परवडत नाही असं मी सहा महिने म्हणत होते, पण जुन्या कॅफेत कॉफीबरोबर ट्रेवर पाण्याचा ग्लास येतो, संपला की न मागता दुसरा आणतात, आणि चार तास बसलात तरी कुणी उठवत नाही. खोलीचं हीटिंग वाचतं ते वेगळं. तिथे ग्लास धुवायचे पैसे घेत नाहीत, परवाच्या महाशयांनी जाऊन बघावं.

आई मे महिन्यात येतेय, पहिल्यांदाच विमानात बसणार. काल विचारत होती, तुला अजून एक स्टीलची बाटली आणू का, एक लिटरची? म्हटलं, आण, पण अर्ध्या लिटरची आण, एक लिटरची कारंज्याखाली उभी राहत नाही.