पाठवली पैठणी, फ्री रिटर्नमध्ये परत आली सेमी

पार्सल परत येते तेव्हा पिशवीवरचा पत्ता बरोबर असतो. आतला रंग तोच जांभळा, पदरावर मोरही असतात. साडी मात्र ती नसते. गेली होती साडेचौदा हजारांची हातमागाची पैठणी, आलेली असते दोन-अडीच हजारांची यंत्रमागावरची सेमी-पैठणी. गिऱ्हाइकाचे पैसे चार दिवस आधीच त्याच्या खात्यात जाऊन बसलेले असतात.

इन्स्टाग्राम, व्हॉट्सअॅप किंवा स्वतःच्या छोट्या वेबसाइटवरून साड्या विकणाऱ्यांना हा फटका असाच बसतो. कारण बहुतेक वेळा एकच असते. ‘फ्री रिटर्न’ लिहिताना पैसे नेमके कधी परत करायचे हे ठरवलेलेच नसते.

क्रम असा चालतो. ऑर्डर येते, पैसे ऑनलाइन आलेले असतात, म्हणून विक्रेता निर्धास्त. साडी पोचल्यावर दोन-तीन दिवसांनी मेसेज येतो, ‘रंग फोटोसारखा नाही, परत घ्या.’ रिटर्न मंजूर होते आणि कुरिअरचा मुलगा पार्सल उचलायला जातो. त्याच्या हाती बंद पिशवी पडते. तो बारकोड स्कॅन करतो आणि पुढच्या घरी निघतो. साध्या रिव्हर्स पिकअपमध्ये, म्हणजे गिऱ्हाइकाकडून परतीचे पार्सल उचलताना, आत काय आहे ते पाहणे त्याचे कामच नसते. इकडे वेबसाइटच्या सेटिंगमध्ये ‘पिकअप झाल्यावर रिफंड’ असा पर्याय सुरू असतो, म्हणून त्या स्कॅनबरोबर पैसे सुटतात. पार्सल दुकानात पोचायला आणखी सहा ते नऊ दिवस. तोवर गिऱ्हाईक फोन उचलायचे बंद झालेले असते.

म्हणून पहिले काम सेटिंगचे. रिफंड ‘पिकअप’वर नको, ‘माल तपासल्यावर’ हवा. पॉलिसीत हेच साध्या मराठीत लिहा: ‘साडी आमच्याकडे पोचून तपासल्यावर ३ दिवसांत, ज्या मार्गाने पैसे आले त्याच मार्गाने परत केले जातील.’ यातला ‘त्याच मार्गाने’ हा शब्दप्रयोग गाळू नका. घाईचे कारण सांगून यूपीआयवर रिफंड मागायचा आणि मग कार्डाच्या बँकेकडे ‘माल परत केला, पैसे मिळाले नाहीत’ म्हणून चार्जबॅक टाकायचा, म्हणजे बँकेमार्फत पैसे उलटे ओढून घ्यायचे, हीसुद्धा चालू युक्ती आहे. पेमेंट गेटवे, म्हणजे तुमचे ऑनलाइन पैसे घेऊन देणारी कंपनी, विचारतो तेव्हा त्याच्याकडे मूळ व्यवहारावर रिफंडची नोंद नसते आणि पैसे दोनदा जातात.

कुरिअरवाले ‘क्यूसी पिकअप’ म्हणून जादा पैशात तपासणी देतात. रंग, नगांची संख्या, टॅग आहे की नाही, एखादा फोटो, इतके ते पाहतात. रिकामा खोका किंवा जुनी ओढणी यातून अडेल, पण हातमाग आणि यंत्रमाग यातला फरक पिकअपच्या मुलाला कळावा ही अपेक्षाच चुकीची. तो तुम्हालाच ओळखायचा आहे.

ओळखायचा कसा? साडी उलटी करा. हातमागाच्या पैठणीत पदर आणि काठ दोन्ही बाजूंनी जवळजवळ सारखेच दिसतात, कारण प्रत्येक रंगाचा धागा नक्षीपुरताच फिरवून शेजारच्या धाग्यात अडकवलेला असतो. यंत्रमागाच्या साडीत तोच धागा मागून एका बुट्टीपासून दुसरीपर्यंत ओढत नेलेला असतो. तो कापला तरी टोके बोटाला लागतात. पण हे ज्ञान फसवणूक झाल्यावर उपयोगाचे नाही, आधीचा पुरावा हवा. पाठवण्यापूर्वी दिवसाच्या उजेडात तीन फोटो काढा: पदराची सुलट बाजू, पदराची उलटी बाजू, आणि काठाची एखादी अशी जागा जिथे विणकराच्या हाताची खूण आहे, एखादा किंचित वाकडा पोपट किंवा जोडलेला धागा. हातमागाची प्रत्येक साडी वेगळी असते. सिल्क मार्कचे, म्हणजे शुद्ध रेशमाच्या खुणेचे, लेबल असेल तर त्यावरचा नंबर बिलावर उतरवा. आतल्या टोकाला, काठाच्या मागच्या बाजूने, ठरावीक रंगाचे चार बारीक टाके घाला. ते कुठे आहेत हे पॉलिसीत लिहायचे नसते.

दुसरा प्रकार फसवणुकीचा म्हणावा की आगाऊपणाचा, हे ज्याने त्याने ठरवावे. संक्रांतीला काळी साडी मागवायची, हळदीकुंकवाचे फोटो झाले की परत पाठवायची. नवरात्रात तर रोजच्या रंगाप्रमाणे. साडी घडी घालून येते, पण खांद्यावर पिनेची दोन भोके असतात, नीऱ्यांच्या चुण्या इस्त्रीनेही पूर्ण जात नाहीत आणि नाकाला गजरा किंवा अत्तर कळते. यावर मोठा टॅग बरा उपाय आहे. पोस्टकार्डाएवढा, पदराच्या दर्शनी बाजूला खांद्याजवळ येईल असा, एकदा तोडला की परत न जुळणाऱ्या प्लास्टिकच्या लॉकने बांधलेला. तो लपवून साडी नेसता येत नाही. लॉक तुटले तर रिटर्न नाही, फॉल-पिको केले तरी नाही, हे ऑर्डर घेण्याआधीच दिसले पाहिजे. बिलाच्या मागे छापून भांडण जिंकता येत नाही.

प्रामाणिक रिटर्नही स्वस्त नसते. अडीच हजारांच्या आतली एक सेमी धरा. विक्री २,४०० रुपये, खरेदी १,७५०, म्हणजे हाती ६५०. जाताना कुरिअर ९०, पॅकिंग २५, पेमेंट गेटवेचे २ टक्के आणि त्यावर जीएसटी मिळून साधारण ५७. उरले ४७८. हीच साडी परत आली तर ते ९०, २५ आणि ५७ गेलेच, कारण रिफंड केला तरी गेटवे आपली फी सहसा परत देत नाही. वर रिव्हर्स पिकअपचे १३० आणि घडी-पॉलिशचे ४० धरा. तोटा ३४२. तीन रिटर्न दोन विक्रींचा नफा गिळतात. बदललेली, न विकण्यासारखी साडी आली तर तोटा २,०९२, तो भरून काढायला पाच साड्या विकाव्या लागतात. तुमचे आकडे वेगळे असतील, पण ते मांडल्याशिवाय ‘फ्री’ हा शब्द टाकू नका. खोका विनाकारण मोठा घेतला तर कुरिअर आणखी वाढते. लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये गुणून ५,००० ने भागले की जे किलो येतात ते प्रत्यक्ष वजनापेक्षा जास्त असतील तर बिल त्याचेच लागते. साडीला खोका कशाला, चपटी पिशवी पुरते.

मग रिटर्न बंदच करावे का? नाही, आणि तसे पूर्ण करताही येत नाही. ‘नो रिटर्न, नो एक्सचेंज’ अशी पाटी लावून सुटका झाली असे अनेकांना वाटते. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे सदोष माल परत घ्यायला नकार देणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. बिलावर मुदत लिहिलेली नसेल तर ३० दिवसांत परत घ्यावाच लागतो. ई-कॉमर्सचे २०२० चे नियम त्यापुढे जातात: माल खोटा असेल, जाहिरातीत सांगितल्यासारखा नसेल किंवा सांगितलेल्या वेळेनंतर पोचला असेल तरी विक्रेत्याला तो परत घेऊन पैसे द्यावे लागतात. पण ‘मन बदलले’ म्हणून आलेले रिटर्न फुकट घ्यायची सक्ती या नियमांत नाही. चूक आपली असेल तर दोन्हीकडचे कुरिअर आपले. रंग घरी आवडला नाही, नणंदेला नको वाटली, तर बदली साडी किंवा दुकानाची क्रेडिट नोट (तेवढ्या रकमेची पुढची खरेदी) द्यावी आणि पाठवायचा खर्च गिऱ्हाइकाचा ठेवावा. पाच हजारांच्या वरच्या साडीला पैसे परत करण्यापेक्षा बदलीच बरी. काही ऑर्डरी कमी होतील, होऊ द्या. फोटोवर फिल्टर लावून मोरपंखीचा निळा करणाऱ्याने मात्र आधी फोटो सुधारावा.

पार्सल परत आल्यावर घाईने फाडू नका. सही करण्याआधी पिशवी फाटलेली, ओली किंवा हलकी वाटली तर पोचपावतीवर तसा शेरा लिहा. मग एकाच सलग व्हिडिओत, मध्ये कट न करता, लेबलचा नंबर, सहाही बाजू, वजनकाट्यावरचा आकडा, कात्री लागतानाची टेप आणि बाहेर काढलेली साडी उलटीसुलटी दाखवा. फोन तिकाटण्यावर लावा, दोन्ही हात मोकळे राहतात. कुरिअरकडे दावा करायला बहुतेक करारांत २४ ते ४८ तासच मिळतात. रविवारी आलेले पार्सल मंगळवारी उघडले की दावा बहुधा गेला.

वजन इथे महत्त्वाचे, कारण चोर दर वेळी गिऱ्हाईकच असतो असे नाही. पाठवतानाचे वजन, पिकअपनंतर कुरिअरच्या हबवर (पार्सले गोळा होतात त्या केंद्रावर) नोंदलेले वजन आणि तुमच्या काट्यावरचे वजन शेजारी ठेवा. हबवर ७८० ग्रॅम होते आणि तुमच्याकडे ५१० भरले, तर साडी वाटेत गेली. मग भांडण कुरिअरशी, आणि गिऱ्हाइकाला पैसे द्यावे लागतात. हबपासून दुकानापर्यंत आकडा तोच आहे पण आत भलतीच साडी आहे, तर बदल पिकअपच्या आधी झाला असण्याचीच शक्यता जास्त.

अशा वेळी ‘तुम्ही चोर आहात’ असा मेसेज टाकला की तोच स्क्रीनशॉट उलटा तुमच्याविरुद्ध फिरतो. ऑर्डर नंबर, पाठवतानाचे तीन फोटो, उघडतानाचा व्हिडिओ आणि ‘आम्ही पाठवलेली साडी मिळाल्यावर रिफंड होईल’ एवढे एक वाक्य, तेही ईमेलने. आलेली सेमी परत पॅक करून सील करा, विकू नका. रक्कम मोठी असेल तर पोलिसांत लेखी अर्ज द्या. फसवणुकीचे कलम आता भारतीय न्याय संहितेचे ३१८ आहे. ऑनलाइन पैसेच गेले असतील तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर लगेच फोन करा.

याच धावपळीत एक फोन येतो. ‘तुमचे रिटर्न पार्सल अडकले आहे, पत्ता पक्का करायला स्टार २१ स्टार आणि हा दहा आकडी नंबर डायल करा.’ डायल केले की तुमचे कॉल त्या नंबरावर वळतात आणि फोनवर सांगितले जाणारे ओटीपीही तिकडेच जातात. केलेच असेल तर हॅश हॅश ००२ हॅश डायल करा, वळवलेले सगळे कॉल रद्द होतात.