अंबाल्याचा सहा इंची स्पेक्ट्रोमीटर: एका पावसाळ्यानंतर

सावंतवाडीकडच्या एका कॉलेजात मी बी.एस्सी.ची ऑप्टिक्सची प्रॅक्टिकल्स घेते. जूनमध्ये लॅबसाठी नवा स्पेक्ट्रोमीटर घेतला, म्हणजे प्रकाशाचे रंग वेगळे करून त्यांचे कोन मोजायचं उपकरण. अंबाल्याच्या एका कारखान्याचा, सहा इंची, लीस्ट काउंट (मोजता येणारा सर्वांत लहान कोन) एक मिनिट, म्हणजे अंशाचा साठावा भाग. सेमिस्टरभर मुलांनी तो वापरल्यावरच लिहायचं असं ठरवलं होतं.

आधी तक्रार. पहिला नग आला त्याच्या स्लिटच्या (प्रकाश आत येण्याच्या अरुंद फटीच्या) एका पातीला बारीक खाच होती. सोडियमच्या पिवळ्या रेषेला मध्येच एक फुगवटा दिसायचा. फोटो पाठवले, खूप फोन केले, तेव्हा तीन आठवड्यांनी बदलून मिळाला. तोवर एका बॅचचं प्रॅक्टिकल बुडालं, त्याचं मला वाईट वाटतं. म्हणून सांगते, खोकं उघडल्या उघडल्या स्लिट तपासा. दिव्यासमोर धरून स्क्रू हळूहळू मिटत न्या. प्रकाश वरपासून खालपर्यंत एकदमच नाहीसा झाला पाहिजे. एक टोक आधी मिटलं तर पात्या समांतर नाहीत, नग परत करा. आडव्या काळ्या रेघा दिसल्या तर मात्र घाबरू नका, ती धूळ असते. टोक काढलेली आगपेटीची काडी स्लिटमधून अलगद फिरवली की जाते.

बदलून आलेला नग फार चांगला आहे. १५,००० रेषा प्रति इंचाची ग्रेटिंग (बारीक समांतर रेघांची, प्रकाशाचे रंग फाकवणारी पट्टी) आमच्याकडे होतीच. सोडियम लॅम्प लावला की आधी गुलाबी-लाल दिसतो, दहा मिनिटं थांबलं की पिवळा होतो. पहिल्या ऑर्डरला (मधल्या सरळ प्रकाशाच्या बाजूच्या पहिल्या वर्णपटात) मुलांचे कोन २०°२१′च्या आसपास येतात, म्हणजे तरंगलांबी ५८८९ अँगस्ट्रॉम. जुन्या स्पेक्ट्रोमीटरवरही एवढं जमायचं. खरा फरक दुसऱ्या ऑर्डरला कळला. टेलिस्कोप ४४ अंशांवर नेला आणि टी.वाय.ची एक मुलगी ओरडलीच, "मॅडम, दोन आहेत!" ५८९० आणि ५८९६. तिथे दोन रेषांमध्ये सव्वातीन-साडेतीन मिनिटांचं अंतर पडतं, त्यामुळे एका मिनिटाच्या व्हर्निअरवरही (कोन वाचायच्या बारीक मोजपट्टीवरही) ते मोजता येतं. इतकी वर्षं ही जोडी मी फळ्यावरच काढत आले होते. त्या दिवशी सगळ्या बॅचने रांग लावून पाहिली.

व्हर्निअर दोन आहेत, समोरासमोर, आणि दोन्हींचे आकडे सुबक कोरलेत. मुलं कंटाळा करून एकच वाचतात. दोन्ही वाचायला लावा, वर्तुळाचं केंद्र आणि फिरण्याचा आस किंचित सरकलेले असले तरी सरासरीत ती चूक निघून जाते.

खटकलं ते टेलिस्कोपच्या बारीक सरकवायच्या स्क्रूचं. तो घट्ट आहे, आणि क्लॅम्प आवळायला विसरलं की नुसताच फिरतो. प्रिझम टेबलचे तीन लेव्हलिंग स्क्रू मात्र लोण्यासारखे फिरतात.

आमच्याकडे जुलैत टेलिस्कोप लांबच्या वस्तूवर फोकस करणं अवघडच असतं. समोरच्या डोंगरावरचा मोबाईल टॉवर धुक्यात दिवसदिवस दिसत नाही. मग शुस्टरच्या पद्धतीने करतो: प्रिझम किमान विचलनाच्या (प्रकाश सर्वांत कमी वळतो त्या स्थितीच्या) एका बाजूला फिरवून टेलिस्कोप फोकस करायचा, दुसऱ्या बाजूला फिरवून कोलिमेटर (स्लिट असलेली, प्रकाश समांतर करणारी नळी), असं तीन-चार वेळा. या उपकरणात दोन्ही नळ्यांची रॅक-पिनियन ढिली नसल्याने फोकस लागला की टिकतो, पुढच्या बॅचला पुन्हा सुरुवात करावी लागत नाही.

सोबत प्लॅस्टिकचं कव्हरसुद्धा येत नाही, ही कंजुषी कोकणात महागात पडते. दमट हवेत भिंगांना बुरशी धरते. आमच्या लॅब असिस्टंटनी आयपीस आणि प्रिझम सिलिका जेलच्या डब्यात ठेवले आणि दर सोमवारी जेल तापवून वाळवलं, म्हणून ऑक्टोबरात भिंगं स्वच्छ निघाली.

पुढच्या वर्षी दुसरा घेणार आहे, याच कारखान्याचा. पैसे देण्याआधी स्लिट मिटतानाचा व्हिडिओ मागवणार.